वळणावर बोट सुटते ती फिनमुळे की स्पॉन्सनमुळे?

त्रिबिंदू
रेसिंग मॉडेल हायड्रोप्लेन (पाण्याला जेमतेम टेकून धावणारी रिमोटवरची छोटी बोट) वळणात बाहेर घसरली की सल्ला ठरलेला: मोठी टर्न फिन (वळणात पकड देणारं, पाण्यात उतरलेलं पातं) लाव. मला हे पटत नाही. चांगल्या बोटी यानेच बिघडतात.

हिशोब करा. 3 किलोची बोट ताशी 72 किमी वेगाने 15 मीटर त्रिज्येच्या वळणात शिरली, तर तिला आत वळवायला सुमारे 80 न्यूटन बळ लागतं, म्हणजे तिच्या वजनाच्या पावणेतीन पट. यातला बराचसा भार फिनवर येतो. पण फिन पाण्यात खाली आणि गुरुत्वमध्य वर, त्यामुळे हेच बळ बोटीला बाहेर कलंडवतं. उजव्या वळणात उजवा स्पॉन्सन (बोटीच्या दोन बाजूंना असलेल्या, पाण्याला टेकणाऱ्या भागांपैकी उजवा) उचलला जातो, आणि फिन त्यालाच लावलेली! ती जितकी खोल, तितकं हे कलंडणं जास्त. शिवाय सरळ पट्ट्यात तिचा रोध मध्यरेषेपासून दूर पडतो, नाक उजवीकडे ओढलं जातं. मग रडर (दिशा बदलणारं मागचं पातं) उलटं धरा आणि आणखी वेग घालवा.

फिनला हात लावण्याआधी दोन्ही स्पॉन्सनच्या तळांचा पाण्याशी होणारा कोन मोजा. अर्ध्या अंशाचा फरकही बोट दाखवते.

सुकाणू
सरळ, उभ्या फिनबद्दल मान्य. वक्र फिनबद्दल साफ असहमत. खालचं टोक हलच्या (बोटीच्या मुख्य अंगाच्या) मध्याकडे वळवलेलं असेल तर पाण्याचा दाब फिनच्या खोलगट बाजूवर पडतो आणि तिला उजवीकडे ढकलतानाच खालीही दाबतो. म्हणजे जो स्पॉन्सन उचलला जाणार, त्यालाच ती धरून ठेवते, तेही वळणात, जिथे गरज असते.

आणि उथळ फिनचा धोका तुम्ही सांगितलाच नाही. कमी दाबाच्या बाजूने पृष्ठभागावरची हवा खाली ओढली गेली की पकड हळूहळू कमी होत नाही, एका क्षणात जाते. बोट गिरकी घेते, मागून येणाऱ्याच्या वाटेत.

निळीलाट
मोठ्या अनलिमिटेड (माणूस आत बसून चालवतो त्या सर्वांत मोठ्या वर्गाच्या) बोटींना तर फिन डावीकडे असते ना?

सुकाणू
हो, त्या घड्याळाच्या उलट दिशेने धावतात. नांबा आणि आयएमपीबीए या मॉडेल बोटींच्या संघटनांच्या शर्यती घड्याळाच्या दिशेने होतात, म्हणून आपली फिन उजवीकडे.

त्रिबिंदू
वक्र फिनचा दाब खरा आहे, पण तो झेलणार कोण? उजव्या स्पॉन्सनचा तळच. त्याचा कोन फार कमी असेल तर तो पाण्यात बसतो, चिकटतो, आणि बोट त्याच्याभोवती फिरते. कोन वाढवत नेलात तर सरळ पट्ट्यात नाक उड्या मारतं, खाली हवा शिरते आणि बोट मागे उलटते. साधारण 3 अंशांच्या आसपास सुरुवात करून अगदी थोडं थोडं बदलावं, असं माझं मत. तळाची मागची कडही धारदार हवी. ती गोल राहिली तर पाणी सुटत नाही, वर चढतं, आणि मोजलेला कोन निरर्थक होतो.

डाव्या स्पॉन्सनकडे तर कोणी बघतच नाही. उजव्या वळणात बाहेरचा भार त्याच्यावर. बाहेरची खालची कड तिरकी छाटलेली नसेल तर ती पाण्यात रुतते आणि बोट पालथी होते. अशा बोटीला मोठी फिन लावणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

भोवरा
फिनच्या आकारावर वाद चाललाय, तिच्या ताठपणावर कोणीच बोलत नाही. पत्रा पातळ किंवा ब्रॅकेट सैल असेल तर त्या 80 न्यूटनखाली फिन पिळली जाते आणि नेमकी वळणातच तिची दिशा बदलते. टेबलावर मोजलेलं सगळं फुकट. मी आधी टोक हाताने दाबून बघतो.

सुकाणू
ताठपणा आणि डावा स्पॉन्सन, दोन्ही मान्य. तरी फिन छाटण्याचा सल्ला मी देणार नाही. एकट्याने सपाट पाण्यावर चालवताना लहान फिन वेगवान वाटेल. शर्यतीत पहिल्या वळणावर पुढच्या बोटींनी पाणी घुसळलेलं असतं, उजवा स्पॉन्सन उसळतो, आणि त्या वेळी फिनचा जेवढा भाग पाण्यात उरेल तेवढीच पकड. सरळ पट्ट्यातला थोडा वेग मी त्यासाठी खुशीने सोडेन.

त्रिबिंदू
मी तो सोडणार नाही. स्पॉन्सन उसळतोय तर उसळणं थांबवा: गुरुत्वमध्य जरा पुढे घ्या, कोन पाव अंशाने कमी करा. मग त्याच घुसळलेल्या पाण्यात मोठी आणि लहान, दोन्ही फिन चालवून बघा.