लक्ष्मीपुरीतल्या बेघर आजोबांना निवाऱ्यात न्यायचंय, माहिती हवी आहे

गंगावेशकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आमच्या दुकानाशेजारी एका बंद गाळ्याच्या पायरीवर गणपतीच्या आधीपासून एक आजोबा राहतात. वय सत्तरीच्या पुढं असावं. बोलणं मराठी-कानडी मिसळून. गाव विचारलं की कधी निपाणी सांगतात, कधी गोकाक. व्यसन नाही, हात पसरत नाहीत. समोरच्या चहावाल्याचे कप विसळून देतात, तो चहा-पाव देतो. सगळा संसार सिमेंटच्या एका पोत्यात: घोंगडं, जर्मनची ताटली आणि पिशवीत पिशवी करून गुंडाळलेले कसलेसे कागद. ते कुणाला दाखवत नाहीत, पोतं उशाला घेऊनच झोपतात.

आता पाय सुजलाय, थंडीही पडायला लागली. एके ठिकाणी फोन केला तर पहिलाच प्रश्न, आधार कार्ड आहे का? शेजारचे गाळेवाले म्हणतात पोलिसांना सांगून हलवा. त्यानं काय होणार, पुढच्या चौकात जाऊन बसतील. महापालिकेच्या निवाऱ्यात कागदाशिवाय घेतात का? आणि ते स्वतःच यायला नाही म्हणाले तर काय करायचं? (वृद्धाश्रम सुचवू नका. पैसे आणि नातेवाइकाची सही मागतात.)

रंकाळा_कट्टा:
भावा, आधी पाय बघ. सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात ने, केसपेपर काढ. निवारा पळून जात नाही.

शाहूपुरीची_ताई:
मी या कामात होते म्हणून जरा सविस्तर लिहिते. बेघरांना निवारा देणं ही कुणाची मेहेरबानी नाही. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागं एक, चोवीस तास उघडा निवारा हवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा आदेश आहे. २०१३ ला राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं, त्यातही हेच माप धरलं आणि एका निवाऱ्यात किमान १०० माणसांची सोय सांगितली. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांचं, म्हणजे पाच निवारे. कुणी जागा नाही म्हणालं तर हा हिशेब पुढं ठेवा. (शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं ते हेच गाव, नवलच म्हणायचं.)

महापालिकेत जाऊन बेघर निवाऱ्यांचं काम कोण बघतं ते विचारा. निवारे बहुधा संस्थेकडं चालवायला दिलेले असतात, त्यामुळं फोन उचलणाऱ्याशी वाद न घालता व्यवस्थापकाला गाठा. ओळखपत्र, रेशन मिळवून द्यायला मदत करणं हे निवाऱ्याचंच काम आहे, मग तेच दारात मागून कसं चालेल? ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथंही नोंद करून ठेवा.

आजोबा कर्नाटकातले निघाले तर श्रावणबाळ योजनेच्या (वृद्धांच्या पेन्शनच्या) पैशांची आशा धरू नका. तिला महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो.

पंचगंगा_७७:
गाव दोनदा वेगळं सांगतात म्हणजे डोकं ठिकाणावर नसेल. सरळ रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात पाठवा.

शाहूपुरीची_ताई:
अहो, असं कुणालाही उचलून पाठवता येत नाही. आजाराची खरंच शंका असेल तर मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १०० बघा. पोलिसांनी २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं आणि माणूस बेघर असेल तर बेपत्ता म्हणून नोंद करून घरचे शोधायचे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते, २०१८ चं मॅगसेसे त्यांना त्याचसाठी मिळालं. पण कप विसळून चहा पिणारा हा माणूस त्यातला वाटत नाही. गाव सांगायचं नसेल त्यांना, घरात काही झालं असेल.

आणि गंगावेशकर, जबरदस्ती अजिबात नको. बरेच जण पोतं फेकून देतील या भीतीनंच येत नाहीत. दुपारी नुसतं बघायला न्या, पोत्यासकट. झोपायची जागा दाखवा, पोतं कुठं ठेवायचं ते दाखवा, परत आणा. दुसऱ्या खेपेला बहुतेक थांबतील.

निपाणीवाला:
कानडी येतं मला. रविवारी कोल्हापुरात आहे, बोलून बघतो. आणखी एक, आधार आधी काढलेलं असेल तर नव्या नोंदणीत बोटांचे ठसे जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. त्यावरून जुनी नोंद सापडून हरवलेली माणसं घरी गेलीत. पण आधी त्यांना घरी जायचंय का, ते विचारा.

गंगावेशकर:
सगळ्यांचे आभार. गुरुवारी सीपीआर, दुकान भाऊ बघेल. चहावालाही येतो म्हणालाय, आजोबा त्याचंच ऐकतात. निपाणीवाले, रविवारी अकराला या, व्यक्तिगत निरोपात पत्ता टाकलाय. कुणाकडं वापरात नसलेली काठी असेल तर सांगा, येऊन घेऊन जातो.