थंडीत कॉकटेलची (कॉकाटील, तुऱ्याचा छोटा पोपट) जोडी गॅलरीत ठेवली तर चालते का? (सोलापूर)

अक्का_जुळेसोलापूर:
नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. उन्हाळ्यात कॉकटेलची जोडी आणली, पिंजरा गॅलरीतच असतो कारण सासूबाईंना दमा आहे आणि कॉकटेलच्या अंगाची ती पांढरी पावडर उडते ना त्यानं त्यांना खोकला लागतो. आत्तापर्यंत काही त्रास नव्हता, पण आठवडा झाला पहाटे चांगलंच गार पडतंय आणि दुपारी परत कडक ऊन. आज दूध घ्यायला उठले तर नर अंग फुगवून गोळा झालेला, एका पायावर, चोच पाठीत खुपसून. जीव घाबरला माझा. ऊन आल्यावर मात्र शिट्ट्या मारायला लागला, राळं पण खाल्लं. रात्री आत घेऊ का? बल्ब लावू का? सध्या वरून टर्किश टॉवेल टाकलाय. प्लीज सांगा, पोरगी शाळेतून आल्या आल्या आधी त्यांच्यापाशीच जाते.

अण्णा_विडीघरकुल:
अक्का, आधी तो टॉवेल काढा. त्याच्या फासात नख अडकतं, पक्षी घाबरून फडफडतो आणि पाय मोडून घेतो. माझ्या एका मादीचा असाच मोडला होता, सकाळी बघतो तर टॉवेलला उलटी लटकलेली. आपली चादर टाका, घरात जुनी असेलच, पण ती पण पिंजऱ्याला चिकटून नको, जाळीपासून चार बोटं लांब राहील अशी बांधा म्हणजे चोचीनं धागे ओढणार नाही.

एका पायावर फुगून झोपणं हे त्याचं नेहमीचंच आहे. पिसांत हवा धरून ठेवतो, आपण स्वेटर घालतो तसं. पण ऊन वर आलं तरी फुगलेलाच आहे, दोन्ही पायांवर बसून डोळे मिटतोय, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतंय, किंवा दांडी सोडून तळाला येऊन बसलाय, असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पक्षी आजारपण लपवतो, आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, तिकडं पण रात्री गार असतात. आपल्याकडची 12-15 डिग्री धडधाकट पक्ष्याला झेपते, आणि तुमची जोडी उन्हाळ्यापासून बाहेरच आहे म्हणजे थंडी हळूहळू अंगवळणी पडलीय. रोज रात्री उबेत आणि पहाटे परत गारठ्यात असं आतबाहेर करू नका, त्यानंच जास्त आजारी पडतात. मारतो तो वारा आणि ओल. पिंजऱ्याची पाठ भिंतीला, दोन बाजू झाकलेल्या, समोरची बाजू हवेला मोकळी. दांडीच्या उंचीवर पातळ कागदाची पट्टी बांधून पहाटे बघा, हलत असेल तर तिथं वारा लागतोय, जागा बदला.

बजीवाला_सोलापूर:
अण्णांनी सांगितलं त्यात एक भर घालतो, माझ्या हातून झालंय म्हणून कळकळीनं सांगतोय. दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या (सोलापूरची जानेवारीतली यात्रा) दिवसांत मी गॅलरी प्लास्टिकनं पूर्ण पॅक केली आणि आत कोळशाची शेगडी ठेवली, वाटलं पोरांना ऊब मिळेल. सकाळी चारही बजी (बजरीगर, छोटे रंगीत पोपट) तळाला मरून पडलेले. कोळशाच्या त्या गॅसला वासच नसतो, कळत नाही. गॅलरी कितीही गार असू दे, शेगडी नको, डासांची कॉइल नको. आणि कधी आत घेतलंच तर स्वयंपाकघरात नको, नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुरानं पक्षी काही मिनिटांत जातो.

हुरडावाली:
झीरोचा बल्ब मात्र लावा अक्का, उबेसाठी नाही, उजेडासाठी. कॉकटेल रात्री मांजराच्या चाहुलीनं दचकतात आणि अंधारात जाळीवर आपटून पंख रक्तबंबाळ करून घेतात. थंडीत राळं-बाजरीत सूर्यफूल थोडंच घाला, लगेच चरबी धरते. आता ज्वारी हुरड्यावर आली की कोवळं कणीस लटकवा, फवारणी न केलेलं बघून घ्या. आमची मादी एकेक दाणा पायानं न धरता नुसत्या चोचीनं सोलते, बघत बसावंसं वाटतं. आंघोळ फक्त दुपारी उन्हात, ओल्या अंगानं संध्याकाळ व्हायला नको.

नवीन_मेंबर:
आमच्या गावाकडं माळवदावर हिरवा राघू आहे पिंजऱ्यात, त्याला पण हेच करायचं का?

अण्णा_विडीघरकुल:
भाऊ, आपला देशी हिरवा पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. एकदम सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला बाहेर जगत नाही. वनविभागाला कळवा, ते सांगतील काय करायचं ते.

अक्का_जुळेसोलापूर:
अण्णा, पट्टी बांधली आणि पहाटे पाचला उठून बघितलं, सारखी फडफडत होती. ग्रिलमधून थेट वारा येत होता. पिंजरा वॉशिंग मशीनच्या कोपऱ्यात नेला, चादर बांधली, झीरोचा बल्ब लावला. आज दोघं एकमेकांना खेटून झोपलेली, आणि ऊन यायच्या आधीच नराची शिट्टी चालू. सासूबाईंनीच आतून हाक मारली, उठला बघ म्हणून.