'कोल्ड शोल्डर'ला मराठीत काय म्हणावं?

रानजाई: एका इंग्रजी कथेचा अनुवाद करतेय. दूरचा नातेवाईक न कळवता येतो, घरमालकीण त्याला आत घेते, पण 'कोल्ड शोल्डर' देते, म्हणजे मुद्दाम कोरडेपणानं वागते. मी 'थंडं स्वागत' लिहिलं. संपादकांना ते इंग्रजीच वाटतं, त्यांनी 'वाटाण्याच्या अक्षता' सुचवलं. पण पाहुण्यानं तर काहीच मागितलेलं नाही!

ओसरी: अक्षता इथे चालणार नाहीत. नकोशा पाहुण्याला मेंढीच्या खांद्याचं गार मटण वाढत, त्यावरून हा वाक्प्रचार आला असं आम्हाला शिकवलं होतं.

टाकबोरू: त्या गोष्टीला पुरावा नाही. वॉल्टर स्कॉटच्या 'द अँटिक्वेरी' या कादंबरीत (१८१६) तो स्कॉटलंडच्या बोलीत येतो आणि तिथे खांदा 'दाखवतात', वाढत नाहीत. अंग तिरकं करून उभं राहणं, एवढंच. 'तोंड फिरवलं' लिहा.

माजघर: तोंड फिरवलं तर आत कशाला घेतलं? 'साधं पाणीसुद्धा विचारलं नाही' लिहा. आमच्या गावी पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी. आत्या कुणाकडून नाराज होऊन आली की एवढंच सांगायची, "बस म्हनली न्हाई." पुढचं कुणी विचारत नसे.

टाकबोरू: कथा परदेशातली. तिथल्या घरात गूळपाणी कसं शिरणार?

माजघर: गूळ नका घालू. 'या-बसा'सुद्धा केलं नाही, हे कुठल्याही देशात कळतं.

ओसरी: 'थंडं स्वागत'ही वाईट नाही. 'थंडा प्रतिसाद' वर्तमानपत्रांत नेहमी असतो, रुळलाय तो.

माजघर: तो नाटकाला, योजनेला. घरी आलेल्या माणसाला नव्हे. 'अनातिथ्यशील' तर त्याहून वाईट. इंग्रजीत 'इनहॉस्पिटेबल' घरालाही चालतो आणि वाळवंटालाही, आपला शब्द कोशाबाहेर कुणी बोलत नाही. सरळ 'अगत्य दाखवलं नाही' म्हणा.

टाकबोरू: 'अगत्य'चा जुना अर्थ जरुरी. लग्नपत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' म्हणतात ते 'जरूर या' अशा अर्थानं. कन्नडमध्ये आजही अगत्य म्हणजे गरज.

ओसरी: पण 'अगत्यशील यजमान' म्हटल्यावर गरज कुणाच्या मनात येते? बोलणाऱ्यांनी अर्थ वळवला, तो वळला.

टाकबोरू: वळला म्हणून जुना पुसायचा नाही. 'अगत्याचं काम' अजून म्हणतातच की.

रानजाई: संपादकांना उद्यापर्यंत कळवायचंय. 'या-बसा' लिहू का?

ओसरी: कन्नडमधला शब्द आपल्याकडून गेला की तिकडून आला, ते आधी सांगा.