वार्षिक अंकाची शेवटच्या आठवड्यातली धावपळ: अनुभव लिहा

गंगावेसकर
आज शाहूपुरीत एका छापखान्याच्या पायरीवर कॉलेजची चार पोरं पेनड्राइव्ह घेऊन बसलेली. प्राचार्यांच्या मनोगताची वाट बघत! सगळं आठवलं. ज्यांनी अंक काढलेत त्यांनी लिहा की, पोरांच्या उपयोगी पडेल असं. माझ्याकडून एवढंच: पानं आधी ठरवा. फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचा मोठा कागद, 16 पानांचा, म्हणजे 80 पानांचे बरोबर पाच फॉर्म. 83 झाली की चार पानांचा वेगळा तुकडा, त्यात एक पान कोरं. तीन कविता कापा, भांडण परवडतं.

खासबाग
मनोगत शेवटीच येणार हे गृहीत धरा. शीर्षकपान, मनोगत, अनुक्रमणिका पहिल्या फॉर्ममध्ये असतातच. तो सगळ्यात शेवटी छापा, दुसऱ्यापासून सुरू करा.

पांढरा रस्सा
थांब भावा, हे चिकट बाइंडिंगला. मधोमध पिन मारायची असेल तर हिशेब वेगळा. 32 पानांच्या अंकात बाहेरच्या फॉर्मवर 1 ते 8 आणि 25 ते 32 एकत्र येतात. मनोगत अडलं की मागचे विभागांचे अहवालपण अडले. म्हणून वेळेत आलेल्या कथा-कविता 9 ते 24 वर. आणि पानं चारच्या पटीतच.

खासबाग
व्हय, बरोबर. पिनचं डोक्यात नव्हतं.

डीटीपीवाली
फाँटचं कुणी बोलंना. निम्मा मजकूर युनिकोडात, निम्मा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात येतो. कन्व्हर्टरमधून काढल्यावर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' असले शब्द शोधून बघा, अर्धा र हमखास बिघडतो. अवतरणचिन्हंपण. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसली तर त्यातलं वर्ल्ड-रेडी कंपोजर हे सेटिंग लावा, एकेक अक्षर दुरुस्त करत बसू नका. कुकर झाला, बाकीचं नंतर लिहितो.

पापाची तिकटी
ताई, 'लिहितो' वाचूनच गाव कळलं 😄

रंकाळा चौपाटी
फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, साधा पाठवला की आकसतो. 6 इंच रुंद छापायचा तर 1800 पिक्सेल हवेत. ग्रुप फोटोची 'बसलेले डावीकडून' नावं फोटो काढला त्याच दिवशी कागदावर उतरवा. महिन्यानं कुणालाच आठवत नाहीत.

पापाची तिकटी
आणि ज्याचं नाव चुकतं त्याचाच काका संस्थेत असतो.

पांढरा रस्सा
😂 लाख बोललास.

डीटीपीवाली
आलो. काळा मजकूर फक्त काळ्या शाईच्या प्लेटवर ठेवा. चार रंगांत गेला आणि प्लेट केसभर सरकली तरी बारीक अक्षराला रंगीत सावली येते. दुसऱ्या प्रुफात नवी वाक्यं घालू नका. दोन ओळी वाढल्या की पुढची पानं सरकतात, अनुक्रमणिका खोटी पडते. मथळे वेगळे वाचून काढा. मजकुरातली चूक सगळे शोधतात, 48 पॉइंटातली कुणाला दिसत नाही.

खासबाग
पावसाळ्यात कव्हर नीट वाळू द्या. शाई ओली असताना लॅमिनेशन केलं तर सुटतंय. लग्नसराईत तर मशीन मिळणंच मुश्कील, पत्रिकावाले आधी.

रंकाळा चौपाटी
पत्रिकेवरनं आठवलं, लक्ष्मीपुरीत स्वस्तात कोण छापतंय? बहिणीचं ठरलंय.

डीटीपीवाली
अरे वा, अभिनंदन! मेसेज करतो.

पापाची तिकटी
गंगावेसकर, त्या पोरांचं काय झालं पुढं?

गंगावेसकर
आत्ताच तिकडनं आलो. मनोगत आलं. प्राचार्यांचा फोटो यायचा राहिलाय.