डॉम केपर्सची ३-४: कॅम्पमनचा बळी देऊन पॅकर्सनी काय कमावलं?

मिलवॉकीकर
धागा अमेरिकन फुटबॉलचा आहे, मेस्सीवाल्यांनी रागावू नये.

दर जानेवारीत चार-पाच टीम डिफेन्सचा कोच बदलतात आणि टीव्हीवरचे पंडित तेच पालुपद लावतात: हाताशी असलेली माणसं बघून योजना आखा. ऐकायला बरं वाटतं. माझं मत उलटं आहे. नवी पद्धत आणायची तर पहिल्याच वर्षी पूर्ण आणा. त्यात घरचा मोठा खेळाडू बसत नसेल तर वाईट वाटून घ्या, पण थांबू नका.

उदाहरण आमच्या ग्रीन बे पॅकर्सचं. २००८ मध्ये ६-१० (सहा जिंकले, दहा हरले) अशी वाट लागली. मुख्य कोच मॅकार्थीने डिफेन्सचा कोच बॉब सँडर्सला काढलं आणि २००९ च्या जानेवारीत डॉम केपर्सला आणलं. केपर्स म्हणजे ३-४. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पुढे हात टेकून बसणारे चारऐवजी तीन, मागे उभे लाइनबॅकर तीनऐवजी चार. मधला नोज टॅकल समोरचे दोन-दोन जण अंगावर घेतो आणि त्या चार उभ्यांपैकी नेमकं कोण धावून येणार हे क्वार्टरबॅकला, म्हणजे समोरच्या चेंडू फेकणाऱ्याला, शेवटपर्यंत कळत नाही.

त्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधून आलेल्या पोरांची निवड) नवव्या नंबरवर बी. जे. राजी घेतला, नोज टॅकलसाठी. मग जनरल मॅनेजर टेड थॉम्पसनने, जो एरवी ड्राफ्टमधली एक निवड सोडायला तयार नसायचा, एक दुसऱ्या आणि दोन तिसऱ्या फेरीच्या निवडी पेट्रियट्सना देऊन २६ व्या नंबरवर क्ले मॅथ्यूज उचलला. त्याच मोसमात ११-५, धावा (म्हणजे समोरच्यांचं चेंडू घेऊन पळणं) रोखण्यात अख्ख्या लीगमध्ये पहिले. पुढच्या मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकली. अजून काय हवं?

बंड्या
सपशेल असहमत. तुमच्या या गोष्टीत आरन कॅम्पमनचं नाव फक्त शीर्षकात आलंय, ते का?

२००६ मध्ये साडेपंधरा सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं), २००७ मध्ये बारा, २००८ मध्ये साडेनऊ. डावीकडे हात टेकून बसायचं आणि समोरच्या टॅकलला ढकलत क्वार्टरबॅकपर्यंत जायचं, हे त्याचं काम आणि त्यात तो वाघ. त्याला तिशीच्या तोंडावर सांगितलं, आता उभा राहा, मागे सरक, वेळ पडली तर रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या) मागे पळ. नऊ सामन्यांत साडेतीन सॅक. नोव्हेंबरमध्ये फोर्टी नायनर्सविरुद्ध गुडघा गेला, मोसम संपल्यावर जॅक्सनव्हिल. दुखापतीचा दोष पद्धतीला देत नाही, पण त्याआधीचे नऊ सामने कोणाच्या खात्यावर?

आणि "धावा रोखण्यात पहिले" हे मिरवू नका. डिसेंबरमध्ये स्टीलर्सचा क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गरने ५०३ यार्ड फेकून ३७-३६ ने हरवलं. प्लेऑफमध्ये ऍरिझोनाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरने ३३ पैकी २९ पास पूर्ण केले, पाच टचडाउन (चेंडू गोलरेषेपार). म्हणजे अख्ख्या सामन्यात त्याचे वाया गेलेले पास चार! ५१-४५. याला डिफेन्स म्हणायचं?

रेवा
तुम्ही दोघंही आकड्यावर भांडताय. ३-४ ही कागदावरची मांडणी. समोरच्यांनी तीन रिसीव्हर (पास पकडणारे) आणले, आणि ते हल्ली सारखेच आणतात, की केपर्स एक जाड्या बाहेर काढून पाचवा डिफेन्सिव्ह बॅक (मागे पास अडवणारा) आत घ्यायचा. खाली दोन, उभे चार, मागे पाच. त्याचा 'सायको' नावाचा प्रकार आठवतोय ना? खाली फक्त एक, बाकी पाच लाइनबॅकर नुसते येरझारा घालतायत.

खरा बदल होता झोन ब्लिट्झ. जो येणार वाटतं तो मागे जातो, जो मागे जाणार वाटतं तो येतो. केपर्सने नव्वदीच्या सुरुवातीला पिट्सबर्गमध्ये डिक लबोबरोबर हेच केलं होतं.

२३ जानेवारी २०११, शिकागोचं सोल्जर फील्ड, एनएफसी फायनल (सुपर बोलच्या आधीचा सामना), चौथा क्वार्टर, पॅकर्स १४-७ ने पुढे. बेअर्सचा तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक केलब हेनी खेळतोय. राजी, वजन ३३७ पौंड, पुढे घुसल्यासारखं दाखवतो आणि चक्क मागे सरकतो. हेनीच्या हिशोबात तो तिथे नाहीच. त्याने रनिंग बॅक फोर्टेकडे पास टाकला, राजीच्या हातात पडला, आणि तो धूड १८ यार्ड पळत थेट टचडाउन. वर नाच. तो नाच मी अजूनही महिन्यातून एकदा तरी बघते.

हे चार खाली बसवूनही करता येतं. त्यामुळे बंड्याचा मुद्दा अर्धा बरोबर, कॅम्पमनला हात टेकून ठेवूनही यातलं बरंच जमलं असतं.

अण्णा डेट्रॉइटवाले
लायन्सचा फॅन आहे, त्यामुळे पॅकर्सबद्दल बरं बोलताना जीव जातो. तरी सांगतो, मिलवॉकीकर, तुम्ही श्रेय चुकीच्या माणसाला देताय. २००९ चा डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर कोण? कॉर्नरबॅक (मागे रिसीव्हरला अडवणारा) चार्ल्स वुडसन, नऊ इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मधेच पकडणं). तो २००६ पासून तिथेच होता, त्याला केपर्सने आणलं नाही.

कबड्डीत कोपऱ्यात नुसता उंचापुरा गडी उभा करून चालत नाही, घोटा धरायची वेळ कळणारा लागतो. तसंच आहे हे. २०११ बघा की. तोच केपर्स, तेच पुस्तक. पुढच्या फळीतला कलन जेंकिन्स ईगल्सकडे गेला, मागच्या फळीतल्या निक कॉलिन्सची मान दुसऱ्याच आठवड्यात दुखावली आणि कारकीर्दच संपली. डिफेन्स यार्डांच्या हिशोबात लीगमध्ये शेवटचा, ३२ वा! क्वार्टरबॅक रॉजर्स होता म्हणून १५-१ झाले, आणि जानेवारीत जायंट्सनी घरी येऊन ३७-२० ने उतरवलं.

मिलवॉकीकर
अण्णा, वुडसन २००८ मध्येही होता की. तेव्हा ६-१०. त्याला स्लॉटमध्ये (आतल्या रिसीव्हरसमोर) आणून, ब्लिट्झला (क्वार्टरबॅकवर धावून) पाठवून, मैदानभर मोकळा सोडला तो केपर्सने.

बंड्या, रॉथलिसबर्गरचा सामना सांगतोस तर हेही सांग की कॅम्पमनचा गुडघा गेला त्याच सामन्यात अल हॅरिसचाही गेला. एक कॉर्नरबॅक गेल्यावर मागची फळी उघडी पडणारच.

आणि माझा मूळ मुद्दा कोणी खोडलाच नाही. ८ नोव्हेंबर २००९ ला टँपा बेकडून ३८-२८ ने हरलो. टँपाने तोवर एकही सामना जिंकला नव्हता, त्यांच्या जॉश फ्रीमनची क्वार्टरबॅक म्हणून पहिलीच सुरुवात. आम्ही ४-४. तेव्हा इकडचा प्रत्येक जण म्हणत होता, पुरे झालं, जुन्या ४-३ वर (चार खाली, तीन उभे) परत या. अर्धवट मन असतं तर आले असते. नाही आले, पुढच्या आठपैकी सात जिंकले.

रेवा
आणि माणसं मिळतात हो एकदा काय हवंय ते ठरलं की. हॉवर्ड ग्रीनला जेट्सनी २०१० मध्ये मोसम चालू असताना सोडून दिलं होतं. पॅकर्सनी उचलला. सुपर बोलमध्ये रॉथलिसबर्गर फेकताना त्याच्या हातावर ग्रीन आदळला, चेंडू लटपटला, कॉलिन्सने पकडला, ३७ यार्ड, टचडाउन. तेही समोर स्टीलर्सच्या डिफेन्सला लबो असताना! (अण्णांशी मात्र सहमत. कॉलिन्स नसता तर तो चेंडू जमिनीवर पडला असता.)

बंड्या
बरं, पूर्ण बदल करायचा होता ना? मग तो पूर्ण करा. कॅम्पमनच्या कराराचं २००९ हे शेवटचं वर्ष होतं. एप्रिलमध्येच एखाद्या ४-३ वाल्या टीमला विकला असता तर थॉम्पसनला थोडीफार किंमत परत मिळाली असती आणि त्या माणसाचंही भलं झालं असतं. तुम्ही त्याला ठेवलंतही आणि वापरलंतही नाही. याला ठाम निर्णय म्हणतात?

मिलवॉकीकर
एप्रिलमध्ये कुणाच्या भरवशावर विकणार? मॅथ्यूज युएससी विद्यापीठात स्कॉलरशिपशिवाय शिरलेला पोरगा, त्यात प्रीसीझनला मांडीचा स्नायू धरलेला. त्याने पहिली सुरुवात केली ती ५ ऑक्टोबरला, मिनेसोटात, समोर व्हायकिंग्सचा क्वार्टरबॅक फावर. आणि त्या सामन्यात त्याने एड्रियन पीटरसनच्या हातातला चेंडू हिसकावून ४२ यार्ड पळत टचडाउन केला. हे आधी कुणाला माहीत होतं?

बंड्या
तो सामना बरा काढलास. हरलात, ३०-२३. आणि त्याच रात्री व्हायकिंग्सच्या जॅरेड ऍलनने ४-३ मध्ये, हात टेकून, तुमच्या रॉजर्सच्या साडेचार सॅक काढल्या.