जुनी गाडी चालू होत नव्हती, शेवटी निघालं काय? (आपापले अनुभव सांगा)

घरी बाबांची ९८ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली. विकायची नाहीये, त्यावर चर्चा नको, ती आमच्या घरात होऊन गेलीये. दोन-तीन महिने झाले, चावी फिरवली की कधी झटक्यात चालू होते आणि कधी नुसता "टक". परत फिरवा, परत टक. पाचव्या वेळी काही झालंच नाही अशा थाटात चालू. आतापर्यंत नवी बॅटरी घेतली, मग सेल्फ (इंजिन फिरवणारी मोटर) उघडून तिचे झिजणारे कार्बन बदलले, मग चावीचा स्विच. तिन्ही वेळा "आता झालं बघा" ऐकलं. सात हजारांच्या वर गेले आणि टक आहे तिथेच आहे. तर तुमच्या जुन्या गाड्यांचे किस्से टाका, पण नुसता किस्सा नको, दोष शेवटी कुठे सापडला आणि तिथवर पोचलात कसे तेही लिहा. दुसऱ्या मेकॅनिककडे ने हे मलाही सुचलंय.

* * *

आमच्याकडे चेतक होती त्यामुळे हा विषय मला तिसरीतच होता. बाबा आधी स्कूटर एका अंगावर तिरकी करायचे, सरळ करायचे, मग किक. दहाएक किका झाल्या की डिकीतून प्लग पाना बाहेर. प्लग काढला की पहिल्यांदा त्याचं तोंड बघायचे. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण जळत नाहीये, कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच पोचत नाहीये, काळा तेलकट असेल तर पंपावरच्या पोऱ्याने ऑइल जास्त ओतलंय (टू स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागायचं, लिटरला २० मिली). मग प्लग पॉलिश पेपरने घासून त्याच्याच टोपीत खोचायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरायचा आणि मला म्हणायचे मार किक. निळी ठिणगी चटचट उडाली तर करंट आहे, पिवळी मरतुकडी असेल तर प्लग बदल. एकदा हे सगळं साग्रसंगीत तीन वेळा झालं, शेजारचे काका आले, त्यांनी स्वतःच्या स्कूटरचा प्लग काढून दिला, तोही लावून झाला, आणि आईने गॅलरीतून विचारलं, "पेट्रोलचा कॉक उघडलाय का?"

नव्हता उघडलेला. त्या दिवशी बाबा ऑफिसला बसने गेले.

* * *

आईंना नमस्कार सांगा. माझा किस्सा छोटासाच. गिअरलेस स्कूटर, बारा वर्षांची. बटन दाबलं की काहीच नाही, किक मारली की पहिल्या किकला चालू. सगळे म्हणाले बॅटरी गेली. पण हॉर्न खणखणीत वाजत होता हो! मग माझ्या भाच्याच्या लक्षात आलं की डावा ब्रेक दाबला तरी मागचा लाल दिवा लागत नाहीये. ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही ना, त्या ब्रेकच्या मुठीतला इवलासा स्विच मेला होता. उजवा ब्रेक दाबून बटन मारलं, सुरू. तोवर तीन आठवडे मी साडी सावरत किका मारतेय.

* * *

कोल्हापूरकडची जुनी बुलेट, कास्ट आयर्नवाली, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडून किक हलकी करणारा खटका) असलेली. ही चालू होत नाही असं निम्मे लोक म्हणतात तेव्हा गाडी बरोबर असते आणि माणूस चुकत असतो. चावी ऑन, किक हळूहळू दाबत न्यायची, ॲमीटरचा (करंट दाखवणारा मीटर) काटा मधे आला की थांबायचं. म्हणजे पॉइंट (ठिणगी पाडणारा स्विच) उघडला, पिस्टन वर आला. डिकॉम्प दाबून किक अजून थोडी सरकवायची, डिकॉम्प सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच, पूर्ण वजनाची. अर्धवट मारली तर उलटी बसते, पोटरीला विचारा. बाकी काटा हलतच नसेल तर एकतर पॉइंट घाण झालेत नाहीतर बॅटरीचा करंटच येत नाहीये, मग किका मारण्यात अर्थ नाही, खाली उतरून बघा.

* * *

डिझेलवाल्यांचं कुणीच लिहिलं नाही म्हणून. आमच्या गावी जुनी जीप, आंबे उतरवायच्या दिवसांत. सेल्फ मस्त फिरतोय, इंजिन गरगरतंय पण पकडत नाही. डिझेलच्या गाडीला प्लगची ठिणगी नसते, त्यामुळे ते वरचे प्रयोग बाद. डिझेल संपत आलं होतं म्हणजे लाइनने हवा घेतली असणार असं सर्वानुमते ठरलं. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला केला, हातपंप मारत बसलो, बुडबुडे यायला हवेत तर नुसतं स्वच्छ डिझेल यायला लागलं, एक बुडबुडा नाही. शर्टाची वाट लागली. शेवटी ड्रायव्हर जेवून आला, त्याने डॅशबोर्डखालचा स्टॉपचा खटका आत ढकलला आणि सेल्फ मारला. आदल्या रात्री गाडी बंद करताना ओढला तो तसाच बाहेर राहिलेला, म्हणजे पंपाचं डिझेल बंदच. आम्ही चौघं इंजिनिअर होतो, दोघं तर मेकॅनिकलचे.

* * *

माझं वेगळंच, चालू व्हायची पण तीन-चार किलोमीटरवर दम तोडायची. दहा मिनिटं उभी केली की परत चालू. कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला. मग एका पंपावर नेमकं बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स्स करून हवा आत गेली. झाकणाला बारीक भोक असतं, पेट्रोल जाईल तशी हवा आत यायला, ते पॉलिश आणि धूळ बसून बुजलं होतं. टाकी आतून ओढून धरायची मग पेट्रोल खाली येणार कुठून. टाचणीचा खर्च.

लॉकडाऊननंतर त्याच गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्यांचं बाळंतघर केलेलं सापडलं. ते परत कधीतरी.

* * *

विनिपेगहून. इथे जानेवारीत उणे तीस म्हणजे रोजचंच, लोक रात्री गाडीची पिन सॉकेटमध्ये लावून इंजिन गरम ठेवतात, पहिल्या वर्षी मला वाटलं सगळ्यांच्या गाड्या विजेवरच्या आहेत. माझी जुनी सेडान पहिल्या थंडीत कटकटकट करून गप्प. मीटर लावला, १२.४ व्होल्ट, म्हटलं बॅटरी तर ठीक आहे. शेजाऱ्याने सेल्फ मारताना मीटर बघायला लावला, साडेसातवर आपटला. उभ्या गाडीतला आकडा बघून बॅटरी पास करायची नाही हे तेव्हा कळलं.

* * *

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, म्हणून धागाकर्त्याला थेटच सांगतो. सामान बदलायचं थांबवा आधी. रात्री गाडी भिंतीसमोर न्यूट्रलला उभी करा, हँडब्रेक ओढा, हेडलाइट लावा आणि टक होईल तेव्हा भिंतीकडे बघा. उजेड पार बसला तर बॅटरी नाहीतर तिचे टर्मिनल. उजेड तसाच राहिला आणि टक वाजला, तर बॅटरीत ताकद आहे पण सेल्फमधून करंट धावतच नाहीये. सेल्फचं काम झालंय म्हणता, म्हणजे परतीची वाट बघा, अर्थिंग. सेल्फ इंजिनाला बसलेला असतो, इंजिन रबरी माउंटिंगवर, तेव्हा करंट बॅटरीच्या मायनसला परत जातो तो फक्त त्या एका अर्थच्या वायरने. ती सडली की टक. बघायचं कसं, मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायला लावा. अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. आणि चोकची किंवा एक्सलेटरची तार हाताला गरम लागते का बघा, करंटला वाट मिळाली नाही की तो त्या तारेतून पळतो.

* * *

धागाकर्ता परत आलोय. काल रात्री भिंतीचा प्रयोग केला, उजेड ढिम्म हलला नाही. आज मल्टिमीटर लावला, बायको चावीवर, मी बॉनेटमध्ये, ४.१ व्होल्ट. मग जंपर केबलचं एक टोक मायनसला आणि दुसरं गिअरबॉक्सच्या बोल्टला लावून सेल्फ मारला, दहापैकी दहा वेळा चालू. अर्थची वायर काढली तर वरून प्लास्टिक एकदम नवं आणि बोल्टाकडच्या टोकाला हिरवी पावडर, आतले तीन-चार तंतू धरून होते तेवढेच, ते हातात आले. नवी वायर १८० रुपये, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने घासून लावली.

बाबा शेजारीच खुर्ची टाकून बसले होते. त्यांना चोकच्या तारेचं वाचून दाखवलं तर म्हणाले, "गरम लागते म्हणून मी तुला दिवाळीतच सांगितलं होतं, तू म्हणालास ऊन लागलं असेल."