ऑफर आली, सीपीटी (शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी) अजून नाही. तोवर ‘नुसतं ट्रेनिंग’ सुरू केलं तर चालतं का?

उन्हाळी_पाखरू

नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी गेल्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एमएसला आले, कॉम्प्युटर सायन्स, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसा. शंभरच्या वर अर्ज टाकून थकले तेव्हा कुठे एका छोट्या कंपनीची समर इंटर्नशिप मिळालीये, १८ मे ते १४ ऑगस्ट, आठवड्याला ४० तास. आमची सेमिस्टर १५ मेला संपते. इथपर्यंत सगळं मस्त. घोळ असा की काल एचआरचा मेल आला, म्हणे २७ एप्रिलपासून तू घरूनच ऑनबोर्डिंग सुरू कर, रोज तासभर ट्रेनिंग, टीमच्या मीटिंगला बसायचं, छोटी छोटी तिकिटं (म्हणजे सॉफ्टवेअरची नेमून दिलेली कामं) सोडवायची, त्याचे पैसे मिळणार नाहीत पण १८ तारखेला एकदम पाण्यात पडल्यासारखं होणार नाही. मी विचारलं माझ्या सीपीटीचं काय, तर म्हणे पगारच नाही तर परवानगी कशाला लागते.

रूममेटही तेच म्हणतेय. मला मात्र झोप नाही. डीएसओची (विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं बघणारी अधिकारी) अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तोवर इथे विचारतेय. आणखी दोन शंका, सीपीटी केलं की नंतरचं ओपीटी (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) तेवढं कमी होतं का? आणि सीपीटीसाठी डिपार्टमेंट एक क्रेडिटचा इंटर्नशिप कोर्स घ्यायला लावतंय, त्याची फी वेगळी. म्हणजे काम मी करायचं आणि पैसेही मीच भरायचे?

---

घड्याळजी

आधी अभिनंदन! आता सरळ उत्तर: २७ एप्रिलपासून काहीही करू नकोस. (तुला ‘तू’ म्हणतोय, चालेल ना? वयाने बराच मोठा आहे.)

ऑफर लेटर म्हणजे परवानगी नव्हे हे आधी डोक्यात पक्कं कर. परवानगी म्हणजे डीएसओने सेव्हिसमध्ये (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदींची सरकारी सिस्टिम) सीपीटी टाकून दिलेला नवा आय-२० (विद्यापीठ देतं तो विद्यार्थी असल्याचा फॉर्म), त्याच्या दुसऱ्या पानावर कंपनीचं नाव, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख आणि फुल टाइम की पार्ट टाइम हे छापलेलं असतं. त्या तारखेच्या आदल्या दिवशी केलेलं कामही विनापरवाना काम. यूएससीआयएसकडे (इमिग्रेशन खातं) अर्ज नाही, ईएडी कार्ड (वर्क परमिट) नाही, सगळं विद्यापीठातच होतं, त्यामुळे पोरांना वाटतं की ही एक अंतर्गत औपचारिकता आहे, नंतर केली तरी चालेल. मागच्या तारखेने सीपीटी मिळत नाही. कधीच नाही.

आता बिनपगारी म्हणून चालतं का. हे ‘व्हॉलंटियर’ प्रकरण खऱ्या सेवाभावी संस्थेत, जिथे त्या जागेवर कुणालाच कधी पगार मिळत नाही, तिथे ठीक. नफा कमावणाऱ्या कंपनीची तिकिटं सोडवणं हे काम आहे, उद्या त्याच कामाचे ती तुला पैसे देणार आहे, मग आज ते फुकट केलं म्हणून ते समाजसेवा कसं होईल? उलट कंपनीसाठीच ते लेबर खात्याच्या नियमांत अडकायचं लक्षण आहे. तुझ्या एचआरला हे माहीत नसेल, छोट्या कंपन्यांत नसतंच, पण त्याची किंमत एचआर भरत नाही.

आणि समजा तू म्हणालीस की मग २७ एप्रिलपासूनच पार्ट टाइम सीपीटी मागते, तर तेही जमणार नाही, कारण आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकलेलं असावं लागतं. ऑगस्टला आलीस, मेमध्ये दोन सेमिस्टर होतील, तेव्हा पात्र होशील. ज्या मास्टर्स-पीएचडी कोर्समध्ये पहिल्यापासून प्रॅक्टिकल सक्तीचं असतं त्यांना यातून सूट आहे, तुझ्या वर्णनावरून तुझं तसं दिसत नाही.

कागदपत्रांचं तेवढं करू शकतेस. ऑफरवर सही, बॅकग्राउंड चेक, बँकेचे फॉर्म, लॅपटॉप कुठे पाठवायचा तो पत्ता, हे काम नव्हे. आय-९ ची (नोकरीवर घेताना कामाची परवानगी तपासायचा फॉर्म) तुझी बाजूही ऑफर स्वीकारल्यावर भरता येते, कंपनीने कागद बघून त्यांची बाजू काम सुरू झाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत पुरी करायची असते.

---

चहाचा_तिसरा_कप

एवढं काय घाबरवताय पोरीला. आमच्या बॅचमध्ये निम्म्या लोकांनी आठवडाभर आधी स्लॅक (ऑफिसचं चॅट) वगैरे सुरू केलं होतं, कुणाला काही झालं नाही. सेव्हिसमध्ये कोण बघत बसलंय की तू मंगळवारी मीटिंगला होतीस की नव्हतीस?

---

बोरकूट

@चहाचा_तिसरा_कप, त्या मंगळवारी कुणीच बघत नाही हो, बघतात पाच वर्षांनी. माझ्या जुन्या रूममेटची गोष्ट सांगतो.

त्याचं सीपीटी ९ ऑगस्टला संपत होतं. मॅनेजर म्हणाला डेमो पुढच्या शुक्रवारी आहे, तेवढा करून जा. हाही भिडस्त, नाही म्हणवलं नाही, पाच दिवस जास्त गेला. खरं तर संपायच्या आधी डीएसओला मेल टाकून मुदत वाढवून मागितली असती तर नवा आय-२० मिळालाही असता, पण त्याला वाटलं पाच दिवसांसाठी कुठे त्रास द्यायचा. पुढे डिग्री झाली, ओपीटी झालं, दुसऱ्याच कंपनीत लागला, एच-१बी (नोकरीचा व्हिसा) लॉटरीत नंबरसुद्धा लागला. आणि मग आरएफई (आणखी पुरावे मागणारं सरकारी पत्र) आली की तुम्ही आजवर एफ-१ चे नियम पाळल्याचे पुरावे द्या, सगळ्या इंटर्नशिपच्या पे-स्लिप जोडा. पे-स्लिपवर काय असतं? पे पीरियडच्या तारखा. १६ ऑगस्ट छापलेलं, आय-२० वर ९ ऑगस्ट. वकिलाने जमेल तेवढं केलं, पिटिशन (कंपनीचा एच-१बीचा अर्ज) मंजूर झालं पण इथल्या इथे स्टेटस बदलून मिळालं नाही, देशाबाहेर जाऊन व्हिसा स्टॅम्प करून यावं लागलं. परत आला तो, पण ते चार महिने त्याने कसे काढले ते मी बघितलंय, रात्री दोन-दोनला उठून केस स्टेटस रिफ्रेश करायचा.

तेव्हा पाखरू, सुरुवातीची तारीख जेवढी पवित्र तेवढीच शेवटचीही. १४ ऑगस्ट म्हणजे १४ ऑगस्ट.

---

चहाचा_तिसरा_कप

बरं बाबा, माघार. माझ्या बॅचचे लोक सुदैवी म्हणायचे.

---

ताक_घुसळणारी

ओपीटीवर कुणी बोललंच नाही अजून. अगं, सीपीटी दिवसाला दिवस वजा होत नाही. नियम असा की एकाच डिग्रीच्या पातळीवर फुल टाइम सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झालं की त्या पातळीचं ओपीटी अख्खंच जातं, त्याच्या खाली असेल तर ओपीटीचे १२ महिने जसेच्या तसे. तुझे तेरा आठवडे आहेत, निवांत राहा. पार्ट टाइम, म्हणजे आठवड्याला २० तास किंवा कमी, हे त्या हिशोबात धरतच नाहीत. पण २१ तास झाले की फुल टाइम. फॉल सेमिस्टरमध्ये कंपनी ‘थोडं थोडं चालू ठेव’ म्हणाली तर हा आकडा लक्षात ठेव, आणि त्यासाठी वेगळं सीपीटी लागेल, समरचं पुढे ओढता येत नाही.

वजाबाकी होते ती प्री-कम्प्लीशन ओपीटीत. कोर्स चालू असतानाच घेतलेलं ओपीटी, त्यातले फुल टाइम महिने पूर्ण आणि पार्ट टाइम अर्धे कापले जातात, वर आय-७६५ ची (ईएडीचा अर्ज) फी आणि कार्डाची वाट बघणं. सीपीटी मिळत असताना त्या वाटेला कुणी जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

जाता जाता तुझ्या आय-२० वरचा सीआयपी कोड (कोर्सच्या विषयाचा सरकारी नंबर) बघून ठेव. कॉम्प्युटर सायन्स असेल तर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत असतोच, पण नावात ‘मॅनेजमेंट’ असलेल्या काही कोर्सेसना भलताच कोड असतो. ओपीटीचे स्टेमसाठीचे वाढीव २४ महिने त्या कोडावर ठरतात, डिग्रीच्या नावावर नाही.

कोर्सच्या फीचं दुःख मात्र खरंय, मलाही भरताना जिवावर आलं होतं! पण सीपीटीची अटच अशी की काम हे अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग हवं, आणि ते दाखवायला बऱ्याच विद्यापीठांना क्रेडिट हाच मार्ग सापडलाय. काही ठिकाणी हे क्रेडिट फॉलमध्ये नोंदवू देतात, मग समरची वेगळी फी वाचते. अ‍ॅडव्हायझरला विचारून बघ, विचारायला पैसे पडत नाहीत.

---

उन्हाळी_पाखरू

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. घड्याळजीकाका (काका म्हटलं तर चालेल ना?) ‘तू’च म्हणा.

एचआरला काय लिहू पण? ऑफर काढून घेतली तर? आणि माझ्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाहीये, मी कॅम्पसवर काम केलंच नाही कधी, एचआरवाली म्हणते एसएसएन आल्याशिवाय सिस्टिममध्ये नाव चढणार नाही, म्हणून पण लवकर सुरू करायचं म्हणत होती. माझी एक मैत्रीण म्हणाली की एवढी कटकट असेल तर ‘डे-वन सीपीटी’वाल्या कॉलेजात ट्रान्सफर घे, तिथे पहिल्या दिवसापासून देतात.

---

घड्याळजी

काका चालेल, केस तसेही पांढरे झालेत.

डे-वनच्या नादाला या टप्प्यावर अजिबात लागू नकोस. मघाशी मी सूट सांगितली ना, प्रॅक्टिकल पहिल्यापासून सक्तीचं असण्याची, तिच्याच आधारावर ती दुकानं चालतात. काही कोर्स खरेही असतील, पण पुढे एच-१बीच्या वेळी अशा सीपीटीवर जास्त प्रश्न येतात. एका ऑनबोर्डिंगसाठी चांगला चाललेला कोर्स सोडायचा म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं.

एसएसएनसाठी थांबावं लागत नाही. सीपीटीवाला आय-२०, पासपोर्ट आणि आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) घेऊन सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायचं, कामाच्या तारखेच्या आधी ३० दिवसांच्या आत अर्ज घेतात. अर्ज दिलेला असला की नंबर यायच्या आधी काम सुरू करता येतं, नंबर आला की पेरोलला कळवायचा. हे तुझ्या एचआरला नीट सांग, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मेल छोटा लिही. माफी मागत बसू नकोस आणि कायद्याचा निबंधही नको. ‘माझी कामाची परवानगी १८ मेपासून सुरू होईल, त्याआधी ट्रेनिंग किंवा मीटिंग करणं मला कायद्याने शक्य नाही, कागदपत्रं मात्र लगेच पाठवते,’ एवढंच. शुद्धीवर असलेली कंपनी यावर ऑफर काढत नाही, कारण विनापरवाना माणूस कामाला लावण्याची जबाबदारी तिच्यावरही येते.

---

बोरकूट

अवांतर: पगार सुरू झाला की पहिली पे-स्लिप उघडून बघ, सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापलेत का. एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं टॅक्ससाठी आपण सहसा नॉन-रेसिडेंट असतो आणि परवानगीच्या कामावर हे दोन्ही लागत नाहीत. छोट्या कंपन्यांचं पेरोल सॉफ्टवेअर सरसकट कापतं. लगेच सांगितलं तर तेच परत करतात, नंतर आयआरएसकडे (टॅक्स खातं) परताव्यासाठी फॉर्म ८४३ भरत बसावं लागतं, मी भरलाय, दुश्मनावरही वेळ येऊ नये. इन्कम टॅक्स मात्र लागतोच, तो चुकत नाही.

---

उन्हाळी_पाखरू

अपडेट द्यायचं राहिलं होतं. काकांनी सांगितला तसा मेल पाठवला आणि दोन दिवस फोन उलटा ठेवून बसले. उत्तर आलं दोन ओळींचं, ‘ओके, १८ मे, लॅपटॉप त्याच आठवड्यात पोचेल.’ एवढ्यासाठी मी तीन रात्री जागले!

इंटर्नशिपचं क्रेडिट फॉलमध्ये घेता येत नाही म्हणाले आमच्याकडे, फी भरली, गप बसले. डीएसओ चांगली निघाली, चार दिवसांत नवा आय-२० आला. दुसरं पान बघितलं तर तारखा बरोबर, फुल टाइम बरोबर, पण कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलेलं. आधीची मी असते तर म्हटलं असतं जाऊ दे. परत पाठवलाय दुरुस्तीला.